तगराहून नेपल्सला : एका सहलीची आखणी आणि एक जुना दावा

लग्नाला अठ्ठावीस वर्षे होऊन गेल्यावर आम्ही दोघांनी परदेशी जाण्याचे ठरवले. दोघेही धाराशिव जिल्ह्यातल्या शाळांत शिक्षक. एकाचा विषय भूगोल, दुसरीचा इतिहास. आजवरची आमची मजल दक्षिणेला कन्याकुमारी आणि पूर्वेला जगन्नाथपुरी. त्यामुळे परदेश म्हटले की आमच्याही डोळ्यांसमोर तेच आले जे सहलवाल्यांच्या रंगीत पत्रकांत असते. दहा दिवसांत सात देश, सकाळी पोहे, रात्री वरणभात, आणि बर्फात उभे राहून काढलेले छायाचित्र. अशा सहलींची आम्ही टिंगल करणार नाही. मराठी मध्यमवर्गाला युरोप दाखवण्याचे श्रेय त्यांच्याकडे बऱ्याच अंशी जाते. पण पत्रक वाचताना आमच्या लक्षात आले की ज्या एका वस्तूसाठी आम्हाला युरोपला जायचे होते, तिचा मुक्काम कोणत्याच पत्रकात नव्हता.

ती वस्तू म्हणजे नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती. उंची सुमारे २४ सेंटिमीटर, म्हणजे एक वीत आणि वर दोन बोटे. इ.स. ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली पाँपेई गाडले गेले, त्याच्या आधी केव्हातरी ती भारतातून तिथे पोचली होती. अमेदेओ मायुरी या इटालियन उत्खननकाराला १९३८ साली ती पाँपेईतल्या एका घरात सापडली. ‘पाँपेईची लक्ष्मी’ या नावाने ती ओळखली जाते, आणि तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती आमच्या शहरापासून तासाभराच्या आत असलेल्या तेर गावच्या संग्रहालयात आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, काखेत कळसा आणि गावाला वळसा. मूर्ती तेरला असताना नेपल्सला कशाला? उत्तर देण्यासाठी आम्हाला एक कबुली द्यावी लागेल. वीस वर्षे आम्ही नववीच्या मुलामुलींची सहल तेरला नेत आलो. गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन, मग त्रिविक्रमाचे देऊळ, मग रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय, असा ठरलेला क्रम. संग्रहालयात त्या मूर्तीपुढे उभे राहून इतिहासाच्या बाई दरवर्षी एकच वाक्य म्हणत : ‘पाँपेईला सापडलेली मूर्ती आपल्या तेरच्या कारागिरांनी घडवली.’ काही वर्षांपूर्वी एका मुलीने विचारले, ‘बाई, ती इथूनच गेली, असं कुणी लिहून ठेवलंय का?’ बाईंना उत्तर देता आले नाही. परतीच्या एस.टी.त आम्ही दोघेही गप्प होतो. सहलीची आखणी खरी तिथे सुरू झाली.

आधी तेर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगायला हवे. तेरणेच्या काठी वसलेले हे गाव आज वारकऱ्यांना संत गोरा कुंभारांमुळे माहीत आहे. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात ते ‘तगर’ होते, आणि त्याची कीर्ती इजिप्तमधल्या ग्रीकभाषक व्यापाऱ्यांपर्यंत पोचलेली होती. त्यांच्यापैकी एका अनामिकाने लिहिलेले ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे छोटे पुस्तक आपल्या सुदैवाने वाचले. त्यात म्हटले आहे की बॅरिगाझाच्या, म्हणजे भडोचच्या, दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर आहे. तगराहून साधे कापड पुष्कळ, शिवाय तलम वस्त्रांचे अनेक प्रकार भडोचला जातात, आणि हा सगळा माल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या अफाट मुलखातून न्यावा लागतो. टॉलेमीच्या भूगोलातही तगराचे नाव आहे. पुढे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत, ते याच गावाच्या आठवणीने.

हे तगर नेमके कोणते, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. देवगिरीपासून जुन्नरपर्यंत अनेक गावे सुचवली गेली. भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवले, रा. गो. भांडारकरांनी धारूर. अखेर १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर, असे मांडले आणि नावातला ‘ग’ प्राकृतात गळत जाऊन ‘तेर’ कसे झाले तेही दाखवले. त्यानंतर लवकरच हेन्री कझिन्स यांनी गावातल्या अवशेषांची पाहणी केली. आज विष्णूचे म्हणून पूजले जाणारे त्रिविक्रमाचे देऊळ मुळात विटांचे चैत्यगृह असावे, असे अभ्यासक मानतात. १९५८ साली चापेकरांनी उत्खनन केले, पुढे इतरांनीही केले. पण त्याआधी आणि त्याबरोबरीने एक काम गावातच चालले होते. रामलिंगप्पा लामतुरे नावाचे तेरचे एक व्यापारी पावसाने उघड्या पडलेल्या टेकाडांवरून आणि शेतांतून मिळणारी मडकी, मणी, नाणी, मातीच्या मूर्ती जमा करत राहिले. आजचे शासकीय संग्रहालय त्या संग्रहावर उभे आहे. पिकते तिथे विकत नाही म्हणतात. या गृहस्थांनी मात्र पिकले तिथेच जपले.

या संग्रहात पांढऱ्या केओलिन मातीच्या, दोन साच्यांत घडवून जोडलेल्या मूर्ती आहेत. हे तंत्र रोमन संपर्कातून आले असावे, असे अनेक संशोधकांचे मत आहे. ज्या गावात तेराव्या शतकात गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यांवर थापटणे मारून कोणते मडके कच्चे ते सांगितले, त्या गावातले कुंभारकाम त्याच्याही हजार वर्षे आधी परक्या हातांचे कसब आपलेसे करत होते.

आता आखणीकडे येतो. पेरिप्लस पुन्हा वाचताना आमच्या ध्यानात आले की हे पुस्तकच मुळी प्रवासाची आखणी आहे. कोणत्या महिन्यात निघावे, कुठे पाणी भरावे, कोणत्या बंदरात काय खपते, राजाला काय भेट द्यावी, कुठे धोका आहे. भडोचसाठी इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघावे, म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वारे जहाज आणून सोडतात. खंबातच्या आखातात भरती-ओहोटी इतकी उग्र, की राजाने नेमलेले स्थानिक कोळी आपल्या नावा घेऊन पुढे येतात आणि जहाजाला वाट दाखवत बंदरात नेतात. कल्याणविषयी एक वाक्य तर आमच्या व्हिसाच्या कागदांशेजारी ठेवावे असे आहे. तिथे पूर्वी रीतसर व्यापार चाले, पण सत्ता बदलल्यावर निर्बंध आले. आता एखादे ग्रीक जहाज चुकून तिथे आले तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. परवानगी नसलेल्या ठिकाणी उतरणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न दोन हजार वर्षे जुना आहे.

आम्ही मग या पुस्तकाच्या आणि त्या व्यापाराच्या खुणा युरोपात कुठे कुठे आहेत, याची यादी केली. पेरिप्लसची सर्वांत जुनी हस्तलिखित प्रत, दहाव्या शतकातली, जर्मनीत हायडेलबर्ग विद्यापीठात आहे. तीस वर्षांच्या युद्धात, १६२३ मध्ये, तिथला ग्रंथसंग्रह उचलून रोमला नेला गेला. १७९७ मध्ये काही हस्तलिखिते फ्रेंचांनी पॅरिसला नेली, त्यात हीही होती. १८१६ मध्ये ती परत आली. दुसरी, नंतरची प्रत लंडनला. व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एक पपायरस आहे, केरळ किनाऱ्यावरच्या मुझिरिस बंदराशी निगडित कर्जकराराचा, दुसऱ्या शतकातला. त्याच्या मागल्या बाजूस ‘हर्मापोलॉन’ या एकाच जहाजातल्या मालाचा हिशेब आहे. गंगेकडचे जटामांसी अत्तर, हस्तिदंत, आणि एकूण किंमत सुमारे सत्तर लाख सेस्टर्स. रोममध्ये सम्राट डोमिशियनने बांधलेल्या मिरीच्या वखारींचे अवशेष मॅक्सेंटियसच्या बॅसिलिकेखाली आहेत. नेपल्सजवळचे पोझ्झुओली, म्हणजे रोमन काळातले पुतिओली, हे पूर्वेकडचा माल इटलीत उतरण्याचे मोठे बंदर. आणि नेपल्स व पाँपेई तर आहेतच.

यादी पाहून भूगोलाचे सर नाराज झाले. पंचवीस वर्षे त्यांनी हिमनद्या शिकवल्या, एकही पाहिली नाही. स्वित्झर्लंडचा आग्रह त्यांनी उगीच धरला नव्हता. हा वाद आमच्यात आठवडाभर चालला, आणि तो केवळ ठिकाणांचा नव्हता. दोघांची मिळून जी शिल्लक आहे ती एकदाच खर्च होणार; दुसरी अशी सहल या जन्मी घडेलच असे नाही. मग एकाच्या हौसेसाठी दुसऱ्याने मन मारायचे का? तोडगा पोझ्झुओलीने दिला. तिथल्या रोमन बाजारपेठेचे तीन खांब अजून उभे आहेत आणि त्यांच्यावर जमिनीपासून बऱ्याच उंचीवर समुद्री शिंपल्यांनी पाडलेली भोके आहेत. म्हणजे ती जमीन समुद्राखाली गेली आणि पुन्हा वर आली. चार्ल्स लायेलने १८३० साली ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’च्या मुखपृष्ठामागे याच खांबांचे चित्र छापले होते. सरांनी ते चित्र पाहिले आणि यादी पुन्हा हातात घेतली. रोमहून व्हिएन्नाला विमानाऐवजी रेल्वेने, तेही दिवसाच्या गाड्यांनी जायचे, म्हणजे आल्प्स ओलांडताना दिसेल, अशी पुस्ती त्यांनी जोडली. बाईंनी ती आनंदाने मान्य केली.

काटछाट करताना एक सोपी कसोटी लावली. जे घरी बसून पाहता येते त्यासाठी पैसे घालायचे नाहीत. हायडेलबर्गची प्रत विद्यापीठाने संगणकावर सर्वांसाठी खुली केली आहे. तगराचा उल्लेख असलेले पान आम्ही धाराशिवला चहा पिता पिता पाहू शकतो. म्हणून हायडेलबर्ग गेले. लंडनसाठी वेगळा व्हिसा लागतो, म्हणून लंडन गेले. उरली रोम, नेपल्स आणि व्हिएन्ना. इटली आणि ऑस्ट्रिया दोन्ही शेंगेन करारातले देश असल्याने व्हिसा एकच. आणि अर्ज ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्याच्याकडे करायचा असतो. रोम तीन रात्री, नेपल्स पाच, व्हिएन्ना तीन, म्हणजे अर्ज इटलीकडे. सोबत किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा. नेपल्सचे संग्रहालय मंगळवारी बंद असते, म्हणून तिथला मंगळवार पाँपेईला. नेपल्सहून लोकलसारख्या गाडीने पाऊण तासाच्या आत पोचता येते.

महिना कोणता, हा प्रश्न शिक्षकांना पडत नाही. मे किंवा दिवाळी. आम्ही दिवाळीची सुट्टी घेतली आणि त्यात एक योग जुळून आला. पाँपेईचा नाश परंपरेने २४ ऑगस्टला मानत. पण २०१८ साली तिथल्या एका भिंतीवर कोळशाने लिहिलेला मजकूर सापडला. त्यातली तारीख १७ ऑक्टोबरच्या बरोबरीची आहे. त्यामुळे उद्रेक ऑक्टोबरच्या उत्तरार्धात झाला असावा, असे मत आता बळावले आहे. वीस शतके पाठ केलेली तारीख कोळशाच्या एका ओळीने डळमळीत होऊ शकते, हे आम्हाला पुढच्या गोष्टीसाठी उपयोगी पडले.

खर्चाविषयी दोन शब्द. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या पहिल्या युरोपवारीतून ‘अपूर्वाई’ १९६० साली पुस्तकरूपाने आले. अनेक शहरे पाहणारे मराठी जोडपे म्हटले की आमच्या पिढीला तेच आठवते. त्या काळी परकीय चलन सरकारी परवानगीने मोजून मिळे. सामान्य माणसाला स्वतःच्या पैशातून सहजपणे परदेशी खर्च करण्याची वाट २००४ साली रिझर्व्ह बँकेच्या योजनेने मोकळी झाली. तेव्हा वर्षाला २५,००० डॉलरची मर्यादा होती, आज ती अडीच लाख आहे, आणि आम्ही तिच्या पायथ्याशीच आहोत. पैसा देशाबाहेर जातो याची चिंता राज्यकर्त्यांना नेहमीच असते. पहिल्या शतकात प्लिनीने तक्रार केली होती की भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो. त्या पैशातले काही तगराच्या विणकरांच्या पदरी पडले असेल, तर आमच्या प्रवासखर्चाने त्याची थोडी परतफेड होईल, एवढेच.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. पाँपेईची मूर्ती तेरलाच घडली, असे कुणी लिहून ठेवले आहे का? नाही. उलट जे लिहिलेले आहे ते आमच्या विरुद्ध जाणारे दिसते. मूर्तीच्या बैठकीवर एक अक्षर कोरलेले आहे आणि ते खरोष्ठी लिपीतले आहे. खरोष्ठी ही वायव्येकडची, गांधार भागातली लिपी. तगरात आणि पैठणात ब्राह्मी चाले. अफगाणिस्तानातल्या बेग्राम येथेही भारतीय हस्तिदंती कामाचा मोठा साठा सापडला आहे. त्यामुळे काही अभ्यासकांचा कल वायव्य भारताकडे, काहींचा मथुरेकडे. मूर्ती लक्ष्मीची आहे हेही आता बहुतेक जण मानत नाहीत. दोन्ही बाजूंस प्रसाधनाचे साहित्य घेतलेल्या लहान परिचारिका आहेत, डोक्यातून खाली भोक पाडलेले आहे; ती यक्षी असावी, आणि एखाद्या सामानाचा किंवा आरशाच्या दांड्याचा भाग असावी.

मग तेरचा दावा सोडून द्यायचा का? घडणीतले साम्य खरे आहे. तेरच्या मूर्तीशी आहे तसे जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला उत्खननात मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशीही आहे. म्हणजे मराठवाड्यातच एकाहून अधिक ठिकाणी हे काम होत किंवा खपत होते. आणि खरोष्ठी अक्षराविषयी एक गोष्ट विसरता येत नाही. पेरिप्लसच्या काळात भडोचवर ज्या राजाची सत्ता होती त्याला तो ग्रंथ ‘मंबानोस’ म्हणतो, आणि बहुतेक संशोधक त्याला क्षत्रप नहपान मानतात. नहपानाची नाणी आपल्याकडे भरपूर आहेत. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ साली तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला, त्यातली बरीचशी गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारून पुन्हा चालवलेली. या नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या आहेत. तेव्हा ज्या बंदरातून तगराचा माल बाहेर जाई, त्या बंदराच्या कारभारात खरोष्ठी लिहिणारे हात होते. मूर्ती दख्खनची आणि अक्षर भडोचच्या एखाद्या जुळणी करणाऱ्याचे वा व्यापाऱ्याचे, असे घडणे अशक्य नाही. पण अशक्य नाही म्हणजे घडलेच, असे नव्हे. पेरिप्लस भडोचच्या निर्यातीत हस्तिदंत सांगतो, तगराच्या मालात मात्र कापड सांगतो, हस्तिदंताचे नाव घेत नाही. हे आमच्या बाजूने बोलणाऱ्याने लपवू नये.

थोडक्यात, वीस वर्षे आम्ही मुलांना जे सांगितले ते शक्य आहे, सिद्ध नाही. गावाच्या अभिमानापोटी शक्यतेचे वाक्य आम्ही निश्चयाच्या सुरात म्हणत राहिलो. गोरोबाकाकांचे थापटणे आमच्या डोक्यावर पडले असते तर आवाज काय आला असता, हे सांगायला नको. आणि गंमत अशी की अभिमानाला खऱ्या गोष्टी पुरेशा होत्या. तगराचे कापड भडोचच्या बंदरात जात होते, हे एका परक्या माणसाने लिहून ठेवले आहे. ते सिद्ध करायला कोणत्याही मूर्तीची गरज नाही. त्या कापडाचा धागाही उरला नाही, मूर्ती उरली, म्हणून आम्ही मूर्तीला चिकटून बसलो.

नेपल्सला जाऊन या प्रश्नाचा निकाल लागणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. काचेपलीकडून पाहणाऱ्या दोन शिक्षकांना जे दिसेल ते मायुरींपासून आजवरच्या विद्वानांना दिसलेलेच असेल. तरीही आम्ही जातो आहोत. एकीकडची मूर्ती वीस वर्षे पाहिलेली आणि दुसरीकडची फक्त छायाचित्रांत; अशा स्थितीत ‘दोन्ही सारख्या’ असे वर्गात सांगण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. तो मिळवण्यासाठी एवढा प्रवास करावा लागतो आहे.

निघण्यापूर्वी एका रविवारी आम्ही तेरला जाऊन येणार आहोत. मूर्तीची उभे राहण्याची ढब, दागिने, हातांची घडण, जे जे दिसेल ते वहीत टिपून घ्यायचे आणि तीच वही नेपल्सला न्यायची. प्रश्न विचारणारी ती मुलगी आता लातूरला महाविद्यालयात शिकते. आम्ही जाणार असल्याचे कळल्यावर तिने फोन केला, अभिनंदन केले, आणि शेवटी म्हणाली, ‘बाई, ते खालचं अक्षर दिसतंय का बघा हं.’ वहीच्या पहिल्या पानावर आम्ही तेवढेच लिहून ठेवले आहे.